‘द काइट रनर’ : पुस्तक जी माफी देत नाही, ती पडदा देऊन टाकतो

तरुण मुलामुलींशी पुस्तकांबद्दल बोलताना ‘द काइट रनर’चे नाव निघाले की बहुतेक जण म्हणतात, “माहीत आहे, पाहिलाय.” वाचलेली मात्र थोड्यांनीच असते. खालिद हुसैनी यांची ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. मार्क फॉर्स्टर यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २००७ साली आला. गोष्ट तीच, पात्रे तीच, शेवटचा पतंगही तोच. त्यामुळे एक पाहिले की दुसरे वाचायची गरज उरत नाही, असा समज सहज होतो. मला तो पटत नाही. दोघे एकच गोष्ट सांगतात, पण हिशेब वेगवेगळा मांडतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने माफ केल्याशिवाय अन्याय करणारा मोकळा होऊ शकतो का, हा कादंबरीचा प्रश्न आहे. चित्रपट त्याला फार लवकर ‘हो’ म्हणतो. हा फरक नुसता कलेचा नाही, आपल्या विचार करण्याच्या सवयीचाही आहे. म्हणून त्यावर लिहावेसे वाटले.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काबूलच्या वझीर अकबर खान या श्रीमंत वस्तीत अमीर आपल्या वडिलांसोबत राहतो. वडिलांना तो ‘बाबा’ म्हणतो. आवारातल्या मातीच्या खोलीत अली हा नोकर आणि त्याचा मुलगा हसन राहतात. अमीर पश्तून आणि सुन्नी, तर हसन हजारा आणि शिया. दोघे एकत्र खेळतात, झाडावर चढतात, पतंग उडवतात. एका हिवाळ्यात अमीर पतंगांची स्पर्धा जिंकतो. त्याच्यासाठी कापलेला शेवटचा पतंग आणायला धावलेल्या हसनला असेफ नावाचा दांडगा मुलगा आणि त्याचे साथीदार गल्लीत गाठतात. हसनवर बलात्कार होतो. अमीर कोपऱ्यावरून ते पाहतो आणि पळून जातो. पुढे हसनचे तोंड पाहणेही त्याला नकोसे होते. तो स्वतःचे घड्याळ हसनच्या अंथरुणाखाली लपवून त्याच्यावर चोरीचा आळ आणतो. अली आणि हसन घर सोडून जातात. रशियन फौजा येतात, बाप-लेक अमेरिकेत पोचतात. अनेक वर्षांनी वडिलांचे मित्र रहीम खान अमीरला पेशावरला बोलावून घेतात. हसन हा त्याचा सावत्र भाऊ होता, तालिबानने त्याला मारले आणि त्याचा मुलगा सोहराब काबूलमध्ये एकटा आहे, हे अमीरला तिथे कळते. अमीर सोहराबला आणायला निघतो.

यातला ‘हजारा’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. हजारा हे अफगाणिस्तानच्या मधल्या डोंगराळ भागातले लोक. चेहरेपट्टी वेगळी, बहुसंख्य शिया. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमीर अब्दुर रहमान खान यांच्या राजवटीत त्यांच्यावर मोहिमा निघाल्या. कत्तली झाल्या, जमिनी गेल्या, बायका-मुले गुलाम म्हणून विकली गेली. १९२० च्या दशकात अमानुल्लाह खान यांच्या काळात गुलामगिरी कायद्याने बंद झाली, पण हजारा म्हणजे भांडी घासणारा, ओझी वाहणारा, ही समजूत काही गेली नाही. कादंबरीतल्या अमीरला आईच्या जुन्या पुस्तकांत हा इतिहास सापडतो आणि त्याला धक्का बसतो. शाळेत त्याला हे कोणी शिवकलेले नसते. तो शिक्षकांना पुस्तक दाखवतो तेव्हा शिक्षक शियांना टोमणा मारून मोकळे होतात. पान-दीडपानाचाच हा प्रसंग आहे, पण गल्लीत जे घडणार आहे त्याची तयारी शाळेत आणि घरात कशी झालेली असते, हे त्यातून कळते.

आता ती गल्ली. चित्रपटात आपल्याला भिंतीआडचा एक घाबरलेला मुलगा दिसतो. डोळे विस्फारलेले, पाय जमिनीला खिळलेले. प्रसंग संयमाने चित्रित केला आहे, याबद्दल दिग्दर्शकाचे आभारच मानायला हवेत. पण घाबरलेल्या मुलाला आपण मनातून तिथेच माफ करून टाकतो. बारा वर्षांचे पोर तीन दांडग्या मुलांसमोर काय करणार? कादंबरीत मात्र आपण अमीरच्या डोक्यात असतो आणि तिथे भीतीबरोबर आणखी काही चाललेले असते. तो निळा पतंग वडिलांच्या हातात पडला की त्यांचे प्रेम मिळेल, हे त्याला ठाऊक आहे. त्या प्रेमाची किंमत म्हणून हसन गेला तर जाऊ दे, असा हिशेब तो करतो. हसन हजारा आहे, ही गोष्ट त्या क्षणी त्याच्या मनात समर्थनासारखी येते. भित्रेपणा त्याला स्वतःलाच अधिक सोयीचा वाटतो, कारण खरे कारण त्याहून वाईट आहे.

माझ्या मते सगळी कादंबरी या एका विचारावर उभी आहे. अमीर असेफसारखा क्रूर नाही. तो गोष्टी लिहिणारा, हळवा मुलगा आहे. पण समाजाने त्याच्या हातात एक तयार तराजू दिला आहे, ज्यात काही माणसांचे वजन मुळातच कमी भरते. अडचणीच्या वेळी तो तोच तराजू वापरतो. कॅमेरा चेहरा दाखवू शकतो, हा तराजू दाखवणे त्याला जड जाते. चित्रपटकारांनी अमीरच्या मनातला आवाज काढून टाकला आणि त्याबरोबर त्याच्या गुन्ह्याचा सामाजिक भागही बराचसा गेला. उरला तो एका मित्राने दुसऱ्या मित्राचा केलेला विश्वासघात.

हा तराजू कादंबरीत आधीपासून दिसत असतो. हसनला लिहिता-वाचता येत नाही. अमीर त्याला डाळिंबाच्या झाडाखाली ‘शाहनामा’तल्या रुस्तम आणि सोहराबची गोष्ट वाचून दाखवतो. हसन एखाद्या अवघड शब्दाचा अर्थ विचारतो, तेव्हा अमीर मुद्दाम चुकीचा सांगतो आणि मनातल्या मनात हसतो. पाहुणी मुले आली की तो हसनला खेळात घेत नाही. हसन आपला मित्र आहे, असे मोठ्याने म्हणायची त्याला लाज वाटते. या बारीकसारीक गोष्टींत कोणी मरत नाही, कोणाला जखम होत नाही. पण गल्लीतल्या दिवसापर्यंतचा रस्ता यांनीच तयार केलेला असतो. वयात येण्याची गोष्ट म्हणून मला कादंबरीचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मूल मोठे होते म्हणजे ते घरातल्या माणसांचे प्रेम शिकते, तशीच घरातल्या माणसांची उतरंडही शिकते.

आणखी एक बदल वरवर किरकोळ वाटेल. कादंबरीत पतंगांची ती स्पर्धा १९७५ च्या हिवाळ्यात होते आणि बाप-लेक देश सोडतात १९८१ मध्ये. मधली वर्षे अमीर त्याच घरात, हसनच्या रिकाम्या खोलीसमोर वाढतो. त्या वर्षांत त्याला कोणी विचारत नाही आणि तो कोणाला सांगत नाही. चित्रपटाने ती स्पर्धा १९७८ मध्ये आणली आहे. त्यामुळे हसन घराबाहेर पडतो न पडतो तोच रणगाडे येतात. देशाचे संकट इतके मोठे की घरातला गुन्हा त्यात वाहून जातो. पाहणाऱ्याला वाटते, सगळ्यांचेच सगळे गेले, आता कोणाचा कोणाशी हिशेब? कादंबरी ही सोय देत नाही. रशियन नसते आले, तरी अमीर दोषीच राहिला असता.

चित्रपटाचे श्रेय मात्र द्यायलाच हवे. त्याचा बहुतेक भाग दरी भाषेत आहे. इंग्रजीत लिहिलेल्या कादंबरीची माणसे त्यात आपल्या भाषेत बोलू लागली. आपल्या ओळखीचे कितीतरी फारसी शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना काबूल एकदम जवळचे वाटते. अफगाणिस्तानात चित्रीकरण शक्य नव्हते म्हणून चीनमधल्या काशगर शहरात काबूल उभे केले गेले. बर्फाळ छपरांवरून उडणारे पतंग शब्दांत वाचणे आणि आकाशात पाहणे यांत फरक आहेच. होमायून इर्शादी यांनी उभे केलेले बाबा रुबाबदार आहेत आणि आतून पोखरलेलेही. हसनचे काम करणाऱ्या काबूलच्या मुलाचा चेहरा तर विसरता येत नाही.

पण त्याच मुलांच्या वाट्याला पुढे जे आले, ते या तुलनेतून गाळता येणार नाही. बलात्काराच्या प्रसंगाबद्दल आपल्याला नीट सांगितले गेले नव्हते, अशी तक्रार हसनचे काम करणारा मुलगा आणि त्याच्या घरच्यांनी केली. अफगाणिस्तानातल्या वांशिक तणावामुळे मुलांच्या जिवाला धोका होईल, अशी भीती निर्माण झाली. निर्मात्या कंपनीने प्रदर्शन सहा आठवडे पुढे ढकलले आणि त्याआधी मुलांना संयुक्त अरब अमिरातीत हलवले. अफगाण सरकारने चित्रपटावर बंदी घातली. कादंबरीत एका श्रीमंत मुलाला हवा असलेला पतंग आणायला गरीब मुलगा धावतो आणि किंमत गरीब मुलगा मोजतो. तीच गोष्ट जगाला दाखवायची म्हणून पुन्हा काबूलच्याच मुलांना घर सोडावे लागले. बंदी चूक होती, असेच मी म्हणेन. पण बंदीला विरोध करताना त्या मुलांच्या घरच्यांची तक्रार बाजूला सारणे, हेही मला बरोबर वाटत नाही. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य महत्त्वाचे आहे. ज्याच्या तोंडून आपण बोलतो त्याची संमतीही महत्त्वाची आहे.

दोन्ही कलाकृती सर्वांत दूर जातात त्या शेवटच्या भागात. काबूलमध्ये तालिबानी झालेल्या असेफच्या हातून अमीर मार खातो आणि सोहराबच्या गलोलीमुळे वाचतो. येथवर दोन्हीकडे सारखेच आहे. कादंबरीत एक खूण जास्त आहे. हसनचा वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला होता. असेफच्या माराने अमीरचाही वरचा ओठ तसाच फाटतो. चित्रपटात हसनचा ओठ दुभंगलेला नाही, त्यामुळे ही खूणही नाही. इथे कोणताही नेहमीचा चित्रपट संपला असता. नायकाने मार खाल्ला, रक्त सांडले, हिशेब मिटला. हा चित्रपटही जवळजवळ तिथेच संपतो. सोहराब थोडा वेळ दिसेनासा होतो, अमीर त्याला शोधतो, तो सापडतो आणि काही मिनिटांत आपण कॅलिफोर्नियात असतो.

कादंबरीत खरा त्रास मार खाऊन झाल्यावर सुरू होतो. इस्लामाबादच्या अमेरिकी दूतावासात अमीरला विचारले जाते, या मुलाचे आईवडील मेल्याचा पुरावा कुठे आहे? ज्या देशात माणसे रस्त्यावर मारली जातात, तिथे मृत्यूचा दाखला कोण देणार? वकील सुचवतो की मुलाला काही काळ अनाथाश्रमात ठेवा, म्हणजे कागदपत्रे सोपी होतील. अमीरने सोहराबला वचन दिलेले असते की तुला पुन्हा अनाथाश्रमात पाठवणार नाही. कारण तिथून त्याला कोणी नेले आणि त्याच्याशी काय केले, हे दोघांनाही माहीत आहे. अमीर वचन मोडायची गोष्ट बोलून जातो. काही वेळाने सोहराब न्हाणीघरात आपल्या मनगटाची शीर कापून घेतो. तो वाचतो, पण बोलणे सोडून देतो. अमेरिकेत आल्यावरही कित्येक महिने तो बोलत नाही.

हा सगळा भाग चित्रपटाने गाळला. सव्वादोन तासांच्या आत गोष्ट बसवायची म्हणजे काहीतरी कापावे लागणारच, हे मान्य. पण काय कापले यावरून गोष्टीचा अर्थ ठरतो. इथे कापला गेला तो सोहराबचा नकार. अमीरने मार खाल्ला, जीव धोक्यात घातला, म्हणून सोहराबने बरे व्हायलाच हवे, असे कोणी ठरवले? कादंबरीतला सोहराब हे मान्य करत नाही. त्याचे गप्प राहणे हा त्याच्या हातात उरलेला एकच हक्क आहे.

इथे मला लहानपणापासून ऐकलेली एक शिकवण आठवते. अल्लाहचे हक्क वेगळे आणि बंद्यांचे हक्क वेगळे. नमाज, रोजा चुकला तर तौबा करता येते आणि अल्लाह माफ करतो. पण माणसाचा हक्क मारला असेल, तर त्या माणसाने माफ केल्याशिवाय सुटका नाही. याला हुकूकुल इबाद म्हणतात. मशिदीत हे अनेकदा सांगितले जाते आणि मशिदीबाहेर आले की तितक्याच वेळा विसरले जाते. कादंबरीत अमीर दवाखान्याच्या बोळात एका चादरीचीच जानमाज करतो आणि कित्येक वर्षांनी नमाज पढतो. मुल्लांची टिंगल करणाऱ्या बापाचा हा मुलगा. त्याची दुआ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण लेखकाने त्या दुआचे उत्तर म्हणून सगळे सुरळीत करून टाकलेले नाही. मूल जगते, एवढेच. ज्याची माफी मागायची तो हसन कबरीत आहे आणि ज्याच्याकडे त्याचा वारसा आला तो मुलगा बोलत नाही. पतंगाच्या शेवटच्या प्रसंगात सोहराबच्या ओठाच्या एका कोपऱ्यात हसू येते. पुस्तकातला अमीर तेव्हाही स्वतःला बजावतो की एवढ्याने काही भरून निघालेले नाही. चित्रपटात त्याच प्रसंगाला संगीत आहे, मोकळे आकाश आहे आणि प्रेक्षकाच्या मनावरचे ओझे उतरलेले आहे.

कादंबरी निर्दोष आहे, असे मला म्हणायचे नाही. तिच्यातला हसन फारच सोशिक आहे. त्याला कधी राग येत नाही. खोटा आळही तो कबूल करून टाकतो, तेसुद्धा अमीरला वाचवायला. अन्याय सोसणाऱ्याने संतासारखे असावे, ही अपेक्षाही एक प्रकारची उतरंडच आहे. एखाद्या हजारा वाचकाने विचारले की आमच्या मुलाची गोष्ट शेवटी पश्तून मुलाच्या पश्चात्तापासाठीच का वापरलीत, तर त्याला सहज उत्तर देता येणार नाही. दुसरे म्हणजे असेफ. लहानपणी हिटलरची भक्ती करणारा, मोठेपणी तालिबानी होणारा, मुलांवर अत्याचार करणारा. सगळे वाईट एकाच माणसात कोंबले की बाकीचे सुटतात. चित्रपट याच असेफवर जोर देतो आणि अमीरमधला असेफ आणखी दिसेनासा होतो.

म्हणून ही गोष्ट दूरच्या काबूलची म्हणून बाजूला ठेवता येत नाही. तालिबान वाईट, यावर आपल्यापैकी बहुतेकांचे एकमत होईल. तो असेफला ओळखण्याचा सोपा भाग झाला. अमीरला ओळखणे कठीण आहे, कारण तो आपल्याच घरात असतो. इस्लाममध्ये जातपात नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि मुलीचे लग्न ठरवताना आधी बिरादरी विचारतो. कोणाला ‘नीच पेशाचे’ म्हणतो, कोणाच्या जमातीवरून विनोद करतो, शियांबद्दल मुलांसमोर काय वाटेल ते बोलतो. आपल्यावर होणाऱ्या भेदभावाविरुद्ध नागरिक म्हणून बोलायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे आणि आपण बोललेच पाहिजे. पण तो आवाज आपल्या घरातल्या तराजूपाशी येऊन अडखळतो. आपली मुले सर्व काही ऐकत असतात. पुढे कधी एखाद्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभे राहायची वेळ आली, तर ती आपणच दिलेला तराजू वापरतील.

हजारांचे दुःख तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर संपलेले नाही. ८ मे २०२१ रोजी काबूलच्या दश्त-ए-बर्ची या हजारा वस्तीत सय्यद-उल-शुहदा शाळेबाहेर स्फोट झाले. ८० हून अधिक जीव गेले, त्यात बहुसंख्य शाळकरी मुली होत्या. ३० सप्टेंबर २०२२ रोजी त्याच भागात काज शिक्षण केंद्रात प्रवेश परीक्षेचा सराव चालू असताना हल्ला झाला. ५० हून अधिक बळी गेले, त्यातही बहुसंख्य तरुण मुलीच. कादंबरीतल्या हसनला वाचता येत नव्हते. त्याच्या नातवंडांच्या वयाच्या मुली वह्या घेऊन परीक्षेला बसल्या होत्या. मारणारे आणि मरणारे दोघेही कलमा वाचणारे होते. या बातम्यांवर आपल्या मोहल्ल्यांत किती चर्चा झाली, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

चित्रपट पाहू नका, असे मी म्हणणार नाही. जरूर पाहा, मुलांना वयाचा विचार करून दाखवा. पण तिथे थांबू नका. पुस्तकाची शेवटची शंभर पाने तरी वाचा, विशेषतः दूतावास, वकील आणि दवाखाना हा भाग. तो वाचताना कंटाळा येईल, चिडचिड होईल, कधी एकदा हे मूल अमेरिकेला पोचते असे वाटेल. ती घाई आपली असते, सोहराबची नसते. अन्याय करणाऱ्याला लवकर मोकळे व्हायचे असते आणि त्याच्या बाजूने पाहणाऱ्यांनाही. ज्याचा हक्क मारला गेला, त्याला त्याच्या वेळेने बोलू द्यायचे आणि तो बोललाच नाही तर तेही सोसायचे, एवढे जरी आपण या कादंबरीतून शिकलो, तरी वाचन सार्थकी लागले.